जॅममध्ये गरम होते, सिग्नलला थरथरते : हेड उघडण्याआधी काय तपासायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. २०१५ ची पेट्रोल हॅचबॅक, कंपनीचंच सीएनजी किट, बहात्तर हजार किलोमीटर झालेत, रोज ठाणे ते अंधेरी आणि परत. गेला महिनाभर सिग्नलला उभी राहिली की इंजिन थरथरतं, पिकअप गेलाय, चेक इंजिनचा दिवा कधी नुसता पेटलेला असतो कधी लुकलुकतो, आणि जेव्हीएलआरच्या (जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोड) जॅममध्ये एसी चालू असला की टेंपरेचरचा काटा अर्ध्याच्या वर चढतो. एका गॅरेजने चारही प्लग आणि एक कॉइल (प्लगला ठिणगीसाठी वीज देणारी) बदलली, दोन दिवस बरं वाटलं मग परत तेच. दुसऱ्या गॅरेजवाल्याने ऑइलचं झाकण उघडून आतला पांढरट-पिवळट फेस दाखवला, म्हणाला हेड गॅस्केट (इंजिनचा ब्लॉक आणि त्यावरचं हेड यांच्यामधलं पॅकिंग) गेलंय, हेड उतरवावं लागेल, चाळीस हजार धरून चला. उघडायचं का?

नका उघडू, निदान आत्ता तरी नका. दुसऱ्या मिस्त्रीचा संशय अगदीच हवेतला नाहीये, मिसिंग (एखाद्या सिलिंडरमध्ये इंधन नीट न जळणं) आणि हीटिंग दोन्ही एकदम आलं की हेड गॅस्केट डोक्यात येतंच, माझ्याही येतं. पण संशय येणं वेगळं आणि तपासून नक्की करणं वेगळं, आणि तुम्ही जे सांगितलंय त्यात अजून कुणी कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये पिस्टनने तयार होणारा दाब) मोजलेलं नाही, स्कॅनर लावून गाडीच्या कॉम्प्युटरमधला बिघाडाचा कोड वाचलेला नाही, रेडिएटरचं झाकण थंड इंजिनला उघडून आत बघितलेलंसुद्धा नाही. हेड उतरवायचं म्हणजे टायमिंग चेन निघणार, मॅनिफोल्ड निघणार, हेड फेसिंगला (तळ सपाट करायला) मशीन शॉपमध्ये जाणार, परत येऊन टॅपेट सेटिंग (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागांमधली फट जुळवणं) होणार, चार-पाच दिवस गाडी उभी. गरज असेल तर करायचंच, त्यात घाबरण्यासारखं काही नाही, पण त्याआधी तासाभरात कळणाऱ्या गोष्टी आहेत त्या आधी बघू.

माझं सगळं आयुष्य इंजिनावर हात काळे करण्यात गेलंय त्यामुळे एक गोष्ट ठामपणे सांगतो, गाडी काय करते यापेक्षा ती कधी करते हे विचारा, अर्धं निदान तिथेच होतं. थंड इंजिनला होतं की गरम झाल्यावर, उभी असताना की पळताना, एसी लावल्यावर की बंद असतानाही, पेट्रोलवर की सीएनजीवर. हा शेवटचा प्रश्न तर तुमचं नशीब आहे असं समजा, कारण एकाच इंजिनाला दोन इंधनं असल्यामुळे तुम्हाला घरबसल्या अशी टेस्ट करता येते जी नुसत्या पेट्रोल गाडीवाल्याला करता येत नाही.

आधी गरम होण्याचं बघू. तुम्ही म्हणता जॅममध्ये काटा चढतो, पण ईस्टर्न एक्सप्रेसवर मोकळा रस्ता मिळाला की खाली येतो का ते सांगितलं नाहीये. तेच सगळ्यात महत्त्वाचं आहे. गाडी पळत असताना समोरून वारा येतो, रेडिएटर आपोआप थंड होतो, पंख्याची फारशी गरज पडत नाही. उभी राहिली की सगळी भिस्त पंख्यावर. म्हणून उभी असताना तापते आणि पळताना निवते अशी गाडी असेल तर पहिला संशय पंख्यावर, आणि उलट हायवेला ऐंशीवर किंवा कसारा घाटात तापत असेल आणि शहरात बरी राहत असेल तर संशय रेडिएटर आतून चोंदल्याचा, वॉटर पंपचा किंवा कूलंट कमी असल्याचा. हेड गॅस्केट गेलेली गाडी सहसा लोड आला की तापते, चढाला, जोरात पळवताना, नुसत्या जॅमपुरती शहाणपणाने तापत नाही. नियमाला अपवाद असतात पण सुरुवात इथून करा.

पंखा तपासायला मिस्त्री लागत नाही. इंजिन चालू करा, एसी फुल्ल लावा, बोनेट उघडून बघा, बहुतेक गाड्यांत एसी लावला की पंखा लगेच फिरायला लागतो. नाही फिरला तर फ्यूज बघा, मग रिले (पंख्याचा करंट चालू-बंद करणारा छोटा स्विच). रिले तपासायची सोपी पद्धत म्हणजे त्याच बॉक्समध्ये त्याच नंबरचा दुसरा रिले असतो, खूपदा हॉर्नचा, तो काढून पंख्याच्या जागी लावायचा, पंखा चालला तर रिलेच गेलेला आहे. रिले पण ठीक असेल तर मोटरचे कार्बन ब्रश झिजलेले असतात, अशी मोटर टकटक केली की फिरते आणि मग परत कधीतरी दगा देते, नेमकी गरज असते तेव्हा. काही गाड्यांत पंख्याला दोन स्पीड असतात आणि हळू स्पीडचा रेझिस्टर जळालेला असतो, मग पंखा चालतो पण खूप उशिरा चालतो, तोवर काटा चढलेला. आणि एक गोष्ट फार कमी लोक बघतात, बाजारातली मोटर बदलून बसवताना वायरी उलट्या जोडल्या तर पंखा उलटा फिरतो, आवाज येतो, वारा येतो, सगळं ठीक वाटतं पण वारा चुकीच्या दिशेला. कागदाचा तुकडा रेडिएटरच्या पुढच्या बाजूला धरून बघा, पंखा त्याला जाळीकडे ओढून घेतो का.

पंखा ठीक निघाला तर टॉर्च घेऊन एसीचा कंडेन्सर आणि त्यामागचा रेडिएटर यांच्यामधली फट बघा. मुंबईत मेट्रोची कामं, बिल्डिंगची कामं, ती बारीक सिमेंटची धूळ या दोन जाळ्यांच्या मध्ये जाऊन बसते आणि पावसाळ्यात तिचा थर घट्ट होतो. बाहेरून बघितलं तर कंडेन्सर स्वच्छ दिसतो, मधे मात्र वारा जायला जागा नसते. कमी प्रेशरच्या पाण्याने, शक्य असेल तर इंजिनच्या बाजूने बाहेरच्या दिशेला धुवायचं. सर्व्हिस स्टेशनच्या जोरदार गनने मारलं तर फिन्स झोपतात आणि आहे तो वारा पण बंद होतो.

कूलंट थंड इंजिनलाच बघायचं, सकाळी, गाडी रात्रभर उभी राहिल्यावर. गरम असताना रेडिएटरचं झाकण उघडू नका, कुणी घाई केली तरी नका, तोंड आणि हात भाजलेली माणसं मी बघितलेली आहेत. आतलं पाणी दाबाखाली असतं, झाकण साधारण एक बार दाब धरून ठेवतं आणि त्यामुळे जे पाणी शंभर डिग्रीला उकळलं असतं ते एकशेवीसच्या आसपासपर्यंत उकळत नाही, झाकण काढलं की दाब गेला आणि सगळं एका क्षणात उकळून बाहेर. याचाच दुसरा अर्थ असा की झाकणाचं रबर कडक झालं, स्प्रिंग ढिली पडली तर दाब टिकत नाही, पाणी लवकर उकळतं आणि गाडी तापते. झाकण ही सगळ्या सिस्टिममधली सगळ्यात स्वस्त वस्तू आहे आणि सगळ्यात शेवटी बदलली जाते.

रिझर्व्ह टाकीवर मार्करने आजची लेव्हल खूण करून ठेवा आणि आठवडाभर रोज सकाळी बघा. कमी होत असेल आणि खाली कुठे ठिपका नसेल, पाइपांच्या जोडावर पांढरे-हिरवे डाग नसतील, वॉटर पंपाखाली ओल नसेल, केबिनच्या कार्पेटखाली ओल नसेल, तर मग ते इंजिनात जळतंय अशी शंका घ्यायला जागा आहे. लेव्हल हलतच नसेल तर हेड गॅस्केटवरचा माझा संशय बराच कमी होतो.

नुसतं नळाचं पाणी घालून चालवताय का तेही बघा. इथे बर्फ पडत नाही मग कूलंट कशाला असं खूप जण म्हणतात, पण कूलंटचं इथलं मोठं काम गंज रोखण्याचं आणि उकळबिंदू वाढवण्याचं आहे. सोसायटीच्या बोअरवेलचं पाणी घातलं तर त्यातला क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांत आणि ब्लॉकच्या आत थर धरतो, हेड अॅल्युमिनियमचं असतं ते आतून खाल्लं जातं, आणि मग एक दिवस गॅस्केटजवळची कडाच उरत नाही. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं, किंवा तयार मिसळलेलं. भरल्यावर हवा काढणं गरजेचं, नाहीतर एअरलॉक राहतो आणि सगळे पार्ट चांगले असून गाडी तापते.

आणि थर्मोस्टॅट काढून टाकू देऊ नका. "वॉल्व्ह काढून टाकतो साहेब, कधीच गरम होणार नाही" हे वाक्य तुम्हाला ऐकू येणारच आहे. थर्मोस्टॅट साधारण ८० ते ९० डिग्रीच्या दरम्यान उघडतो आणि इंजिनला त्याच्या कामाच्या तापमानाला ठेवतो. काढला की इंजिन थंड चालतं, ईसीएमला (इंजिनच्या कॉम्प्युटरला) वाटतं अजून गरम व्हायचंय आणि ते जास्त पेट्रोल देत राहतं, अॅव्हरेज पडतो, ऑइलमधली वाफ उडत नाही. काही इंजिनांत तर बायपासचा रस्ता उघडाच राहतो आणि लोडवर उलट जास्त तापते.

आता तो ऑइलच्या झाकणाखालचा फेस, ज्यावरून चाळीस हजारांचा आकडा निघाला. इंधन जळताना पाण्याची वाफ तयार होते, सीएनजी जळताना पेट्रोलपेक्षा जास्त होते, त्यातली थोडी पिस्टनच्या बाजूने खाली ऑइलच्या भागात जाते. इंजिन नीट गरम होऊन बराच वेळ चाललं की ती उडून जाते, पण छोट्या फेऱ्या, पावसाळी हवा, सकाळ-संध्याकाळ मधे थंड होणारी गाडी, अशा वेळी ती सगळ्यात वरच्या आणि थंड जागी म्हणजे ऑइलच्या झाकणाला जमते आणि ऑइलशी मिसळून फेस होतो. मुंबईत जुलै-ऑगस्टमध्ये कितीतरी धडधाकट गाड्यांच्या झाकणाला हे सापडेल. म्हणून झाकण बघून निर्णय घ्यायचा नाही, डिपस्टिक बघायची. डिपस्टिकवरचं ऑइल नेहमीसारखं तपकिरी, पारदर्शक किंवा काळपट असेल आणि लेव्हल वाढलेली नसेल तर ते वाफेचं आहे. डिपस्टिकवरचं ऑइलच दुधाच्या चहासारखं झालेलं असेल, लेव्हल वर गेलेली असेल, तर मात्र गाडी चालू करू नका, त्या ऑइलवर बेअरिंग टिकत नाहीत. एवढा एक फरक न बघता हेड उतरवली जातात याचं मला मनापासून वाईट वाटतं.

हेड गॅस्केटची पक्की टेस्ट हवी असेल तर ब्लॉक टेस्ट करणारं गॅरेज शोधा. रेडिएटरच्या तोंडावर निळ्या द्रवाची नळी लावतात आणि इंजिन चालू ठेवून आतली हवा त्या द्रवातून ओढतात, कूलंटमध्ये जळलेला गॅस येत असेल तर निळ्याचा रंग पिवळा होतो. नसेल मिळत तर थंड इंजिनला रेडिएटरचं झाकण काढून चालू करा आणि बघा, सतत बुडबुडे येत राहतात का, आणि दुसऱ्या वेळी झाकण लावून थंड इंजिन चालू केल्यावर मिनिटभरात वरचा रबरी पाइप दगडासारखा कडक होतो का. इतक्या लवकर गरमीने दाब तयार होत नाही, झाला तर तो सिलिंडरमधून येतोय. सकाळी सायलेन्सरमधून पाणी टपकणं आणि पांढरी वाफ हे सगळ्याच गाड्यांचं असतं, गरम झाल्यावरही दाट पांढरा धूर आणि गोडसर वास येत राहिला तर काळजी.

आता थरथर. इथे आधी एक सांगतो, चेक इंजिनचा दिवा नुसता पेटलेला असेल तर सवडीने दाखवा, पण लुकलुकत असेल तर त्याच क्षणी पाय हलका करा आणि गाडी लवकरात लवकर बाजूला घ्या. लुकलुकणं म्हणजे सिलिंडरमध्ये न जळलेलं इंधन कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (सायलेन्सरच्या लाइनमधला धूर साफ करणारा भाग) जाऊन तिथे जळतंय, आणि तो पार्ट तापून वितळला तर त्याची किंमत प्लग-कॉइलच्या कितीतरी पट आहे, शिवाय चोंदलेला कन्व्हर्टर म्हणजे पिकअप कायमचा गेला.

घरची टेस्ट अशी. इंजिन गरम करा, पेट्रोलवर ठेवून दहा मिनिटं चालवा, सिग्नलला कसं वाटतं बघा, मग सीएनजीवर घेऊन त्याच रस्त्याने परत. फक्त सीएनजीवर मिसिंग होत असेल तर एकतर सीएनजीचा फिल्टर, रेग्युलेटर, गॅस इंजेक्टर या बाजूला दोष आहे, किंवा स्पार्क कमजोर आहे. सीएनजीचं मिश्रण पेटवायला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्टेज लागतं, त्यामुळे जी कॉइल पेट्रोलवर ढकलून नेते तीच सीएनजीवर उघडी पडते. म्हणूनच सीएनजी गाडीला प्लगचा गॅप कमी ठेवतात आणि प्लग लवकर बदलतात. तुमचे नवीन प्लग घालताना गॅप कुणी मोजला का? पाकिटातून काढून सरळ घातले असतील तर ते पेट्रोलच्या गॅपचे असू शकतात, मॅन्युअलमध्ये तुमच्या मॉडेलचा आकडा असतो, फीलर गेजने मोजून घ्या. दोन दिवस बरं वाटून परत तेच होणं या गोष्टीशी जुळतं. आणि प्लग बिलावर घ्या, नकली प्लगांचा बाजारात सुळसुळाट आहे, खोका हुबेहूब असतो.

उलट फक्त पेट्रोलवर मिसिंग आणि सीएनजीवर बरी, तर स्पार्क आणि कॉम्प्रेशन दोन्ही सुटले, दोष पेट्रोलच्या बाजूला. मुंबईत याचं नेहमीचं कारण म्हणजे टाकीत कायम दोन लिटर पेट्रोल आणि बाकी सगळं सीएनजीवर. पेट्रोल महिनोन्महिने पडून शिळं होतं, चिकट होतं, इथेनॉल असल्यामुळे हवेतलं पाणी पण ओढून घेतं, इंजेक्टरची तोंडं आवळतात. शिवाय टाकीतला पंप त्या पेट्रोलमध्ये बुडलेला असला तरच थंड राहतो, कोरडा चालला की जळतो. पाव टाकीच्या खाली जाऊ देऊ नका आणि आठवड्यातून एकदा तरी वीस-पंचवीस किलोमीटर पेट्रोलवर चालवा.

दोन्हीवर सारखीच थरथर असेल तर मग पुढचं. स्कॅनर लावा, २०१५ च्या गाडीला ओबीडी टूचं पोर्ट (स्कॅनर जोडायची जागा) स्टिअरिंगच्या खाली असतंच, ब्लूटूथचा छोटा स्कॅनर स्वतः घेतला तरी महाग नाही. पी०३०१ ते पी०३०४ यातला कोड आला तर शेवटचा आकडा म्हणजे सिलिंडरचा नंबर, बहुतेक गाड्यांत चेनच्या बाजूचा पहिला. पी०३०० म्हणजे मिसफायर, म्हणजेच मिसिंग, एका सिलिंडरला धरून नाहीये. पी०१७१ म्हणजे मिश्रणात हवा जास्त किंवा इंधन कमी. पण कोड तुम्हाला जागा दाखवतो, कुठला पार्ट विकत घ्यायचा ते सांगत नाही. समजा पी०३०२ आला, तर दोन नंबरची कॉइल काढून तीनला लावा आणि तीनची दोनला, कोड पुसून एक फेरी मारा. आता पी०३०३ आला तर कॉइल खराब, कोड दोनवरच राहिला तर कॉइल निर्दोष. मग तसंच प्लगचं करा. एक रुपयाही खर्च नाही. तुमच्या पहिल्या गॅरेजने जी एक कॉइल बदलली ती कशावरून निवडली हे जरूर विचारा.

प्लग काढलाच आहे तर त्याचं टोक नीट बघा. फिकट तपकिरी असेल तर ठीक, कोरडी काजळी म्हणजे इंधन जास्त, ऑइलने ओला म्हणजे रिंग किंवा व्हॉल्व्ह सील, आणि एखादाच प्लग बाकीच्यांपेक्षा अगदी धुतल्यासारखा स्वच्छ असेल तर त्या सिलिंडरमध्ये पाणी जात असेल. प्लगच्या खोबणीत ऑइल साठलेलं असेल तर हेडवरच्या व्हॉल्व्ह कव्हरचं पॅकिंग गेलंय, कॉइलचं रबर फुगून स्पार्क बाजूने उडतो. इंजिन पाण्याने धुवून घेतलं असेल तर तिथे पाणी पण सापडतं.

वायरिंग पण डोळ्यांनी बघा. सोसायटीच्या पार्किंगमध्ये उंदीर ही मुंबईतल्या गाड्यांची खरीखुरी डोकेदुखी आहे, इंजेक्टरची एक वायर अर्धवट कुरतडलेली असली की ती थंड असताना जोडलेली आणि गरम झाल्यावर तुटलेली, असा दोष कुणाला सापडत नाही आणि पार्ट बदलत बसतात.

आयडलला (गाडी उभी, पाय न लावता इंजिन चालू) थरथर आणि जरा रेस दिली की गुळगुळीत, असं असेल तर कुठूनतरी चोरटी हवा आत येतेय. व्हॅक्यूमचा पाइप तडकलेला, इनटेक मॅनिफोल्डचं (सिलिंडरमध्ये हवा नेणाऱ्या नळ्यांचं) गॅस्केट, पीसीव्ही व्हॉल्व्ह (इंजिनातली वाफ परत इनटेकमध्ये सोडणारा). स्कॅनरवर फ्युएल ट्रिम (ईसीएम इंधन किती टक्के कमी-जास्त करतंय तो आकडा) बघा, आयडलला अधिक वीस आणि अडीच हजार आरपीएमला अधिक पाचच्या आसपास आला तर हवेची गळती, उलट आयडलला ठीक आणि लोडवर वाढत गेला तर इंधन पुरत नाहीये, पंप किंवा फिल्टर. थ्रॉटल बॉडी काळी झाली असेल तर साफ करून घ्या, त्यानंतर आयडल लर्निंग (ईसीएमला आयडल नव्याने शिकवणं) करायला सांगा, नाहीतर साफ केल्यावर जास्तच वाईट चालते आणि लोकांना वाटतं मिस्त्रीने बिघडवली.

आता ज्याच्यावर माझा सगळ्यात जास्त संशय आहे ते. सीएनजी, बहात्तर हजार, आयडलला थरथर, पिकअप कमी. सीएनजी कोरडा गॅस आहे, पेट्रोलच्या थेंबांमुळे व्हॉल्व्हला जो थोडा थंडावा आणि ओलावा मिळतो तो यात नाही, त्यामुळे व्हॉल्व्ह आणि सीट लवकर झिजतात, विशेषतः एक्झॉस्टचे. सीट झिजली की व्हॉल्व्ह वर सरकतो आणि टॅपेटचा गॅप कमी कमी होत जातो. ढिला टॅपेट टकटक आवाज करतो म्हणून लगेच कळतो, घट्ट टॅपेट आवाजच करत नाही, इंजिन उलट जास्त शांत वाटतं, आणि गरम झाल्यावर व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही, कॉम्प्रेशन गळतं, आयडल हलतं. या गाडीला हायड्रॉलिक टॅपेट (ऑइलच्या दाबाने गॅप आपोआप सांभाळणारे) नसतील तर हे तपासायलाच हवं, आणि बहात्तर हजारांत एकदाही झालं नसेल अशी मला दाट शंका आहे. वेळेत पकडलं तर फक्त सेटिंग, उशीर झाला तर व्हॉल्व्ह जळतो आणि मग खरंच हेड उतरवावं लागतं.

किलोमीटर कमी वाटत असतील तर असा हिशोब करा, मोकळ्या रस्त्यावर ताशी साठने दहा हजार किलोमीटर म्हणजे इंजिन साधारण १६७ तास चाललं, तेच जॅममधून सरासरी ताशी पंधराने म्हणजे जवळजवळ ६६७ तास. चौपट. ठाणे-अंधेरी रोज करणाऱ्याने ऑइल, फिल्टर, प्लग, टॅपेट हे सगळं ओडोमीटरच्या आकड्याच्या आधीच बघायला पाहिजे.

म्हणून कॉम्प्रेशन टेस्ट करून घ्या आणि आकडे कागदावर मागा. इंजिन गरम, बॅटरी चार्ज, चारही प्लग बाहेर, इंधन बंद, अॅक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल्फ मारायचा. पेट्रोल इंजिनांना साधारण दीडशे ते दोनशे पीएसआय यायला हवं, पण आकड्यापेक्षा चौघांमधला फरक महत्त्वाचा, दहा-पंधरा टक्क्यांच्या आत असेल तर चांगलं. एखादा कमी आला तर त्यात चमचाभर ऑइल घालून परत मोजायचं. आकडा वाढला तर रिंग, नाही वाढला तर व्हॉल्व्ह. आणि शेजारशेजारचे दोन सिलिंडर दोन्ही पडलेले असतील, समजा दोन आणि तीन, तर त्यांच्या मधलं गॅस्केट फुटलंय हे जवळजवळ नक्की.

या तपासणीचे पैसे द्यायला मागेपुढे बघू नका. आपल्याकडे पार्टचे पैसे सगळे देतात, तपासायचे कुणी देत नाही, मग मिस्त्री तरी तास-दोन तास गाडीखाली का घालवेल, तो पार्ट बदलून बघतो. आधीच सांगा की निदानाचे वेगळे पैसे देतो, मला कोड, फ्युएल ट्रिम आणि चारही कॉम्प्रेशनचे आकडे लिहून द्या. चांगला कारागीर खूश होऊन करतो.

पावसाळा आहे म्हणून तेवढं एक सांगतो, गाडी हिंदमाता, मिलन सबवे असल्या ठिकाणी पाण्यात बंद पडली तर परत सेल्फ मारू नका. एअर फिल्टरमधून पाणी सिलिंडरमध्ये गेलेलं असलं तर ते दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. ढकलून बाहेर काढा, टो करून न्या. साध्या विम्यात हे नुकसान सहसा धरत नाहीत, इंजिन प्रोटेक्शनचा वेगळा कव्हर लागतो, पॉलिसी काढून बघून घ्या.

तर क्रम असा ठेवा. शनिवारी सकाळी थंड इंजिनला डिपस्टिक, कूलंट, झाकणाचं रबर, टाकीवर खूण. मग पंखा. मग पेट्रोल आणि सीएनजी दोन्हीवर फेरी. सोमवारी स्कॅनर, कॉइल अदलाबदल, प्लगचा गॅप, आणि एवढ्यात नाही सापडलं तर टॅपेट आणि कॉम्प्रेशन. माझा अंदाज विचाराल तर तुमच्या गाडीत दोन वेगवेगळे दोष एकाच महिन्यात आलेत, हीटिंग पंख्याचं किंवा मधल्या धुळीचं आणि थरथर टॅपेट किंवा प्लग गॅपची.

आणि ब्लॉक टेस्टमध्ये रंग बदललाच किंवा शेजारचे दोन सिलिंडर पडलेच, तर हेड नक्की उघडा आणि मग अर्धवट करू नका. हेड आणि ब्लॉक दोन्हींचा सपाटपणा पट्टी ठेवून मोजायचा, नुसतं हेड फेसिंगला पाठवून ब्लॉक न बघता गॅस्केट टाकलं तर ते परत जातं. हेडला तडा आहे का प्रेशर टेस्ट करून घ्या. व्हॉल्व्ह ग्राइंडिंग, नवीन व्हॉल्व्ह सील, आणि मॅन्युअलमध्ये एकदाच वापरायचे बोल्ट म्हटलं असेल तर नवीनच बोल्ट. टॉर्क रेंचने, मॅन्युअलमधल्या क्रमाने, टप्प्याटप्प्याने. त्याच वेळी थर्मोस्टॅट, झाकण आणि गळत असेल तर वॉटर पंप बदला, ऑइल आणि फिल्टर तर बदलायचाच, आणि ज्या कारणाने ती तापली होती तो पंखा किंवा रेडिएटर आधी दुरुस्त झाल्याशिवाय गाडी रस्त्यावर आणू नका. सुरुवातीचे पाचशे किलोमीटर रोज सकाळी टाकीवरची खूण बघत राहा.